वाटाड्याचं नाव काय?

हिवाळा लागला की आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत सहलींच्या जाहिराती दिसू लागतात. जैसलमेरची वाळू, नाहीतर थेट दुबई. दुपारी जीपमधून वाळूच्या टेकड्यांवर चढ-उतार, संध्याकाळी उंटावरून फेरी, आणि रात्री तंबूंच्या मधोमध शेकोटी, गाणं, नाच, जेवण. याला 'डेझर्ट सफारी' म्हणतात. माझ्या ओळखीची बरीच कुटुंबं जाऊन आली आणि खूश होऊन आली. उन्हाळ्यात पंचेचाळीस अंश सोसणारा खानदेशी माणूस हौसेनं, पैसे मोजून वाळवंटात जातो याची थोडी गंमत वाटते, इतकंच.

'सफारी' हा शब्द मात्र मला आपल्या जवळचा वाटतो. मूळ शब्द अरबी, 'सफर'. तो फारसीच्या वाटेनं मराठीत आला आणि इथलाच झाला. तोच शब्द अरब व्यापाऱ्यांबरोबर आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर गेला आणि स्वाहिली भाषेत 'सफारी' झाला. एकोणिसाव्या शतकात साहेबानं तो इंग्रजीत नेला, आणि त्याला शिकारीचा व तंबूंचा वास लागला. म्हणजे सफर आणि सफारी या सख्ख्या बहिणी. फरक एवढाच की सफर कामासाठी होते आणि तिच्यातला धोका सोसावा लागतो. सफारीत धोका नुसता चाखायचा असतो. तो चाखता येतो, कारण बरोबर वाट जाणणारा माणूस असतो. आपण त्याला वाटाड्या म्हणतो. खानदेशच्या चारशे वर्षांच्या इतिहासात या वाटाड्याचं काय झालं, ते आज बघू.

सतराव्या शतकापासून सुरुवात करू. सुरत हे तेव्हाचं मोठं बंदर आणि बऱ्हाणपूर हे मोगलांचं दक्षिणेतलं मुख्य ठाणं. या दोन शहरांना जोडणारा राजरस्ता आपल्या अंगणातून जात होता. नवापूर, नंदुरबार, शिंदखेडा, थाळनेर, चोपडा आणि पुढे बऱ्हाणपूर. इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो १६१५ मध्ये सुरतेहून बऱ्हाणपूरला गेला. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्निये याच वाटेनं गेला. नवापूरच्या सुवासिक तांदळाची त्यानं मनापासून तारीफ केली आहे.

त्या काळी मुक्काम म्हणजे तंबू, पण तो हौसेचा नव्हे. अंधार पडला की पुढे जाणं जिवावरचं, म्हणून तळ ठोकायचा. जनावरं मध्ये, माणसं भोवती, आणि रात्रभर पाळीनं पहारा. इभ्रतीनं प्रवास करायचा तर वीस-तीस हत्यारबंद माणसं बरोबर हवीत, काहींकडे तिरकामठा आणि काहींकडे बंदूक, असं ताव्हर्निये सांगतो. त्यांचा दरही तो देतो. महिन्याला चार रुपये, लांबचा पल्ला असेल तर पाच. खाणंपिणं त्यातच. दर लिहिला, पण त्या माणसांपैकी एकाचंही नाव लिहिलं नाही.

पीटर मंडी हा इंग्रज १६३० च्या नोव्हेंबरात सुरतेहून आग्र्याला निघाला, तेव्हा मोठा दुष्काळ पडला होता. नंदुरबारला रस्त्यावर प्रेतांचा इतका खच होता की तंबू ठोकायला मोकळी जागा मिळणं कठीण झालं, असं त्यानं नोंदवलंय. आज तंबूतल्या रात्रीचे पैसे मोजताना हे एकदा आठवायला हरकत नाही. आपल्या भागातला तंबू मुळात करमणुकीसाठी उभा राहिलेला नव्हता.

आता वाट राखणाऱ्यांकडे येतो. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याचे डोंगर, पश्चिमेला सह्याद्री. खानदेशात शिरायचं किंवा बाहेर पडायचं तर घाट ओलांडावाच लागतो. त्या घाटांची राखण पिढ्यान्‌पिढ्या भिल्ल नाइकांकडे होती. प्रवाशाला सुखरूप पार करायचं आणि त्याबद्दल ठरलेला हक्क घ्यायचा, असा तो व्यवहार. हक्क मिळाला तर नाईक रखवालदार, बुडवला तर तोच लुटारू.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि खानदेश कंपनी सरकारकडे गेला. त्याआधीच्या स्वाऱ्या, पेंढारी आणि दुष्काळ यांनी मुलूख उजाड झाला होता. गावंच्या गावं ओस पडली होती, शेतांत रान माजलं होतं आणि त्या रानात वाघ मातले होते. कॅप्टन जॉन ब्रिग्जनं धुळ्याला कारभाराचं ठाणं केलं. डोंगरातल्या नाइकांशी सरकारच्या चकमकी सुरूच राहिल्या. फौज पाठवून भागेना, तेव्हा १८२५ मध्ये भिल्लांचीच पलटण उभारायचं ठरलं. हे काम जेम्स औट्रम नावाच्या बाविशीतल्या लेफ्टनंटकडे आलं. पलटणीचं ठाणं धरणगावला झालं.

औट्रमनं एक गोष्ट ओळखली. भिल्लांचा विश्वास कचेरीत बसून मिळणार नव्हता, तो रानात मिळणार होता. तो त्यांच्या वस्त्यांवर गेला, त्यांच्यात बसला आणि त्यांच्याबरोबर शिकारीला निघाला. सुरुवातीला हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी माणसं पलटणीत आली, मग पलटण वाढत गेली. शिकार हा त्याचा शौक होता, आणि तेच राज्य करण्याचं साधनही होतं.

त्याच वर्षीचा एक प्रसंग त्याच्या चरित्रात आहे. एका टेकडीच्या उतारावर, निवडुंगात वाघ आहे अशी बातमी शिकाऱ्यानं आणली. औट्रम पायी आणि त्याचा सोबती घोड्यावर, असे दोघे निघाले. सोबत्याचा बार चुकला. वाघानं औट्रमवर झेप घेतली आणि दोघं एकमेकांना धरून उतारावरून गडगडत खाली आले. वाघाची पकड क्षणभर सुटली, तेवढ्यात औट्रमनं पिस्तूल काढून त्याला मारलं. भिल्ल रडू लागले, तर मांजरानं ओरखडलं म्हणून काय झालं, अशा अर्थाचं काहीतरी तो बोलला म्हणे. हे वाक्य भिल्लांच्या तोंडी कितीतरी वर्षं होतं.

या हकिगतीत बातमी आणणाऱ्या शिकाऱ्याचं नाव आलं आहे. चिमा. वाघ कुठे आहे हे त्यानं हेरलं. तो कधी उठतो, कुठल्या नाल्यानं जातो, पाण्यावर केव्हा येतो, हे कळल्याशिवाय अशी बातमी देता येत नाही. गोष्ट पुढे गेली की चिमा तिच्यातून नाहीसा होतो.

१८२५ ते १८३४ या दहा वर्षांत औट्रमच्या उपस्थितीत १९१ वाघ, २५ अस्वलं, १५ बिबटे आणि १२ रानरेडे मारले गेल्याचा हिशेब आहे. गोऱ्या शिकाऱ्यांच्या त्या मंडळाला 'खानदेश हंट' म्हणत. न्यायानं बोलायचं तर ओसाड गावात पुन्हा नांगर धरू पाहणाऱ्या कुणब्याला वाघ मेल्याचा आनंदच होता, आणि सरकार वाघामागे बक्षीसही देत होतं. पण पुढच्या साहेबांसाठी शिकार ही हिवाळ्या-उन्हाळ्यातली करमणूक बनली. तंबू, खानसामा, सामानाच्या बैलगाड्या पुढे रवाना व्हायच्या. गावानं दूध, कोंबड्या, वैरण पुरवायची. हाका घालायला माणसं धरून आणायची, बऱ्याचदा वेठीनं. दिवसभर रान उठवायचं आणि रात्री शेकोटीपाशी दिवसाचा पराक्रम पुन्हा रंगवायचा. मार्गदर्शक, साहस, तंबू, करमणूक, आजच्या जाहिरातीतलं सगळं तिथे होतं. वाघ चवताळला तर पहिला पंजा हाकेवाल्याच्या अंगावर पडायचा. वाघाचं कातडं मात्र साहेबाच्या भिंतीवर लागायचं.

आणखी एका शिकारीची गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. २८ एप्रिल १८१९ ला जॉन स्मिथ नावाचा लष्करी अधिकारी अजिंठ्याच्या डोंगरात वाघाच्या मागावर होता. एका गुराखी पोरानं त्याला वाघुर नदीपलीकडची लेणी दाखवली, असं सांगतात. अजिंठा आज छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात असला तरी आपल्या जळगावहून तासा-दीड तासाचा रस्ता. मी इतिहास शिकवतो, त्यामुळे मुलांच्या सहली घेऊन तिथे अनेकदा गेलोय. दहाव्या लेण्यात एका खांबावर स्मिथनं आपलं नाव आणि तारीख कोरून ठेवली आहे. ती आज डोक्याच्या वर दिसते, कारण तेव्हा लेण्यात मातीचा ढीग साचलेला होता आणि तो त्या ढिगावर उभा होता. एका सहलीत नववीतल्या मुलीनं विचारलं, "सर, त्या गुराख्याचं नाव कुठे लिहिलंय?" मी खरं ते सांगितलं. कुठेच नाही. ज्या पोराला लेणी आधीच माहीत होती त्याचं नाव नाही, आणि ज्याला त्यानं दाखवली तो 'शोध लावणारा' झाला.

मग वाटाड्याचं नाव इतिहासात येतं तरी कधी? तो उलटला की येतं. मुंबई-आग्रा रस्त्यावर, आपल्या शिरपूरच्या पुढे, सेंधव्याचा घाट आहे. खाजा नाईक अनेक वर्षं सरकारच्या नोकरीत त्या घाटाची राखण करत होता. १८५७ मध्ये तो सरकारविरुद्ध उठला. इंदूरकडून येणारा सात लाखांचा खजिना त्यानं लुटला आणि एप्रिल १८५८ मध्ये सातपुड्यात अंबापाणीला इंग्रज फौजेशी त्याच्या भिल्लांची मोठी लढाई झाली. घाट राखत होता तोवर खाजा नाईक कागदावर एक नोकर होता. बंड केलं तेव्हा सरकारला त्याच्यावर पानंच्या पानं लिहावी लागली.

पुढे कापसासाठी जमीन मोकळी झाली, आगगाडी आली, रान मागे हटलं आणि वाघ मैदानातून सातपुड्यात गेला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीचा खेळ संपवला. पण नावं बघा कशी राहिली. चाळीसगावहून कन्नडला जाताना जो घाट चढतो त्याला आजही औट्रम घाट म्हणतात. तिथल्या अभयारण्याचं नाव 'गौताळा-औट्रमघाट'. स्मिथ खांबावर आहे, औट्रम घाटावर आहे. चिमाच्या नावाची एखादी पायवाटही माझ्या पाहण्यात नाही.

हे सगळं आज सांगण्याचं कारण म्हणजे सफारी आता आपल्या दाराशी आली आहे. तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीपासून यात्रा भरते. घोड्यांचा तो बाजार फार जुना. सारंगखेडा पूर्वी धुळे जिल्ह्यात होतं, १९९८ पासून नंदुरबार जिल्ह्यात आहे. अलीकडच्या काळात तिथे 'चेतक फेस्टिव्हल' झाला, पर्यटकांसाठी तंबू उभे राहिले, घोड्यांच्या शर्यती नि नाच झाले. यावलचं अभयारण्य १९६९ पासून आहे. मुक्ताईनगरकडचं रान २०१४ मध्ये 'मुक्ताई-भवानी' या नावानं राखीव झालं. सातपुड्यात जंगल आहे, घाट आहेत, तोरणमाळ आहे. लोक येणारच, आणि यावेत. त्यातून डोंगरातल्या तरुणाला कामासाठी उसाच्या फडावर किंवा गुजरातेत जावं लागणार नसेल, तर फारच चांगलं.

मात्र जुना व्यवहार पुन्हा मांडायचा नसेल तर आपण पाहुण्यांनी थोडं बदलायला हवं. वाट दाखवणाऱ्याचं नाव आधी विचारावं. त्याची मजुरी वेगळी ठरलेली असावी, ती सगळ्या पैशांत बुडू नये. रानाबद्दल तो सांगेल ते माहिती म्हणून ऐकावं, आणि सहलीबद्दल कुठे लिहिलं तर त्याच्या नावानं लिहावं. तंबूसमोर होळीचा नाच ठेवला, तर तो नाच मुळात कुठला ते विचारावं. काठीच्या होळीला भोपळे आणि मोरपिसं बांधून नाचणारी माणसं आधी कित्येक दिवस कडक व्रत पाळतात. जेवणाबरोबरचा कार्यक्रम एवढीच त्याची ओळख राहू नये.

एक शेवटची बातमी सांगतो. मार्च २०२१ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातला एक वाघ शेकडो किलोमीटर चालत गौताळ्यात येऊन पोचला. तिथल्या रानात कितीतरी दशकांत वाघ दिसला नव्हता. वनखात्याच्या कॅमेऱ्यात त्याचा फोटो आला आणि सगळीकडे छापला गेला. तो फोटो पाहताना मला चिमा आठवला. त्या रानात आज वाघाचा माग कोण काढतं, ठसे कोण ओळखतं, कॅमेरा कुठल्या झाडाला बांधायचा हे कोण सांगतं? तिथल्याच गावांतली, वस्त्यांवरची माणसं. पुढच्या वेळी रानात गेलात तर वाघ दिसेल की नाही याची खात्री देता येत नाही. वाटाड्या मात्र नक्की भेटेल. त्याचं नाव विचारून या.