संघ कुणाचा? रणजीच्या पहिल्या मोसमाची गोष्ट

सध्या मुक्काम तंजावूर. इथल्या बृहदीश्वराच्या आवारात भिंतीवर भोसल्यांचा इतिहास मराठीत कोरलेला आहे. सरफोजीराजांच्या काळातलं, १८०३ सालचं हे काम. पुण्या-साताऱ्याकडून आलेला माणूस तो मजकूर अडखळत वाचतो आणि मग गावातल्या मराठी घरांचा शोध घेऊ लागतो. शिवाजी महाराजांचे धाकटे बंधू व्यंकोजीराजे इथे आले ते १६७० च्या दशकात. १८५५ साली राज्य संपलं, माणसं मात्र राहिली. घरात मराठी, दाराबाहेर तमिळ. आपल्याकडून येणारा प्रत्येक जण त्यांना एकच प्रश्न विचारतो: "तुम्ही मूळचे कुठले?" आणि साडेतीनशे वर्षं जे याच मातीत आहेत, ते साहजिकच उत्तर देतात, "तंजावूरचे."

माणूस कुठला, हे कशावरून ठरवायचं? रक्तावरून, धर्मावरून, की तो जिथे राहतो त्या जागेवरून? प्रश्न जड आहे, पण भारतीय क्रिकेटला तो फार पूर्वी सोडवावा लागला. मुंबईनं त्याचं एक उत्तर दिलं होतं. दुसरं उत्तर पहिल्यांदा मैदानावर दिसलं ते इथून सुमारे साडेतीनशे किलोमीटरवर, मद्रासच्या चेपॉकवर.

४ नोव्हेंबर १९३४. मद्रास विरुद्ध म्हैसूर. ज्याला आज आपण रणजी करंडक म्हणतो, त्या स्पर्धेचा हा पहिला सामना. स्पर्धेचं मूळ नाव होतं 'क्रिकेट चॅम्पियनशिप ऑफ इंडिया'. रणजितसिंहजी १९३३ च्या एप्रिलमध्ये वारले होते, आणि १९३४ च्या उन्हाळ्यात सिमल्याच्या बैठकीत पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग यांनी त्यांच्या नावानं सोन्याचा करंडक देऊ केला होता.

पहिला चेंडू टाकला एम. जे. गोपालन यांनी. हा गडी हॉकीतही तितकाच तयार होता. पुढे १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकची हॉकी आणि इंग्लंडचा क्रिकेट दौरा यातून एकाची निवड करायची वेळ आली, तेव्हा त्यांनी क्रिकेट निवडलं आणि तिकडे एकही कसोटी खेळायला मिळाली नाही. चेपॉकवर त्या दिवशी म्हैसूरचा डाव ४८ धावांत आटोपला. मद्रासनं १३० केल्या. म्हैसूरचा दुसरा डाव ५९. एक डाव आणि २३ धावांनी मद्रास विजयी, आणि तेही एकाच दिवसात! स्पर्धेचा पहिला सामना सूर्यास्ताच्या आत संपला, हा योग पुन्हा यायचा नाही.

सामन्याचा मानकरी होता ए. जी. राम सिंग. दोन्ही डाव मिळून ३५ धावांत ११ बळी. नाव नीट वाचा. 'ए' म्हणजे अमृतसर, 'जी' म्हणजे वडिलांचं नाव. शीख माणसाचं नाव, पण मांडणी तमिळ पद्धतीची: आधी गाव, मग बाप, शेवटी स्वतः. हे घराणं मद्रासमध्ये रुजलं होतं. राम सिंग यांची दोन मुलं, कृपाल सिंग आणि मिल्खा सिंग, पुढे मद्रासकडून आणि भारताकडूनही खेळली. त्या दिवशी मद्रासचा कर्णधार होता जॉन्स्टन, म्हणजे इंग्रज. इंग्रज कप्तान, शीख फिरकीपटू आणि तमिळ मध्यमगती गोलंदाज, सगळे मिळून 'मद्रास'. आज यात कुणाला नवल वाटणार नाही. १९३४ साली मुंबईच्या माणसाला मात्र नक्की वाटलं असतं.

कारण मुंबईत मोठं क्रिकेट म्हणजे धर्मावर बेतलेलं क्रिकेट. सुरुवात झाली युरोपियन विरुद्ध पारशी अशा सामन्यांनी. १९०७ साली हिंदूंचा संघ आला आणि स्पर्धा तिरंगी झाली. १९१२ साली मुसलमानांचा संघ आला, ती चौरंगी झाली. १९३७ साली 'इतर' नावाचा पाचवा संघ आला आणि ती पंचरंगी झाली. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीला या सामन्यांचं वेड होतं. मैदानं ओसंडून वाहायची. खेळाची गुणवत्ता वरची, चुरस खरी. १९०६ च्या फेब्रुवारीत हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवलं, तेव्हा त्या विजयाचा आनंद क्रिकेटपुरता राहिला नव्हता.

ज्याच्या डावखुऱ्या फिरकीच्या जिवावर त्या काळात हिंदूंचा संघ उभा होता, तो पळवणकर बाळू. माजी सैनिक वाचकांनी ही गोष्ट मुद्दाम लक्षात ठेवावी: बाळूचे वडील फौजेत शिपाई होते. पुण्याच्या छावणीत अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या बॅट-बॉलवर बाळू आणि त्याचा भाऊ शिवराम खेळायला शिकले. पुढे बाळू पूना क्लबच्या मैदानावर महिना चार रुपयांवर कामाला लागला. खेळपट्टी लोळवायची, जाळी लावायची आणि साहेबांना सरावासाठी गोलंदाजी करायची. ग्रेग नावाचा साहेब प्रत्येक वेळी बाद झाल्यावर त्याला आठ आणे द्यायचा, असं सांगतात. पगारावर खेळाच्या मैदानात राबणारा आपल्याकडचा हा पहिल्या पिढीतला माणूस. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात सर्व सामने मिळून त्यानं ११४ बळी घेतले.

पण बाळू जातीनं चांभार. पुण्यात हिंदूंच्या क्लबाकडून खेळताना मैदानात त्यानं टाकलेला चेंडू सगळे हाताळायचे, आणि चहाच्या सुट्टीत त्याला चहा मिळायचा बाहेर, मातीच्या भांड्यात. संघ 'हिंदू' म्हणून उभा केला की हिंदूंमध्ये कोण किती हिंदू, हा प्रश्न पाठोपाठ येतोच. बाळूला कर्णधारपद कधीच मिळालं नाही. १९२० साली तर त्याला संघातूनच वगळलं. नेमलेला कर्णधार पै आजारी पडला तेव्हा बाळूच्या धाकट्या भावाचा, विठ्ठलचा, हक्क असतानाही निवड समितीनं ते पद दि. ब. देवधरांना दिलं. विठ्ठल आणि शिवराम यांनी जाहीर निवेदन काढून संघातून माघार घेतली. ओरड झाली. अंतिम सामन्याआधी तडजोड झाली, पै परतला, बाळूला उपकर्णधार केलं. अखेर १९२३ साली विठ्ठल कर्णधार झाला, हिंदू जिंकले आणि लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं. एका घराला एवढ्या गोष्टीसाठी जवळजवळ पाव शतक चेंडू टाकावे आणि धावा काढाव्या लागल्या.

हा रोग आपल्यापुरता नव्हता. अमेरिकेत बेसबॉलच्या दोन व्यावसायिक लीगच्या विजेत्यांची पहिली 'वर्ल्ड सिरीज' १९०३ च्या ऑक्टोबरात झाली आणि बोस्टननं पिट्सबर्गला पाच विरुद्ध तीन सामन्यांनी हरवलं. तिथे संघ शहरांच्या नावांचे होते, धर्माचा प्रश्न नव्हता. तरी काळ्या खेळाडूला त्या दारातून आत यायला १९४७ साल उजाडलं, जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिनकडून उतरला तेव्हा. म्हणजे नुसतं शहराचं किंवा प्रांताचं नाव दिल्यानं माणसाची कोती नजर सुधारत नाही, हेही मान्य केलं पाहिजे. पण नावातून एक फरक पडतो. 'बोस्टन' म्हणणाऱ्या संघाला बोस्टनच्याच काळ्या मुलाला बाहेर ठेवायला लाज वाटू शकते. धर्माच्या किंवा रंगाच्या नावावर उभ्या असलेल्या संघात परका बाहेर ठेवणं हा नियमच असतो, लाजेचा प्रश्न येत नाही.

रणजीच्या पहिल्या मोसमात १५ संघ होते. मुंबई, महाराष्ट्र, गुजरात, सिंध, मध्य प्रांत व वऱ्हाड, हैदराबाद, उत्तर भारत आणि आणखी काही. एक संघ 'आर्मी' नावाचाही होता. १९३५ च्या मार्चमध्ये मुंबईत अंतिम सामना झाला, मुंबई विरुद्ध उत्तर भारत. मुंबईनं तो २०८ धावांनी जिंकला. मुंबईचा कर्णधार एल. पी. जय. विजय मर्चंटचं शतक, १२० धावा. चौथ्या डावात होरमसजी वाजिफदारनं ४० धावांत ८ बळी घेऊन सामना संपवला. चौरंगीत जय आणि मर्चंट हिंदूंकडून खेळायचे आणि वाजिफदार पारशांकडून, म्हणजे एकमेकांसमोर. तीच माणसं आता एका टोपीखाली. संघाचं नाव बदललं, रेघ पुसली गेली.

म्हणून लोक लगेच रणजीकडे वळले का? मुळीच नाही. पंचरंगीला गर्दी तुडुंब आणि रणजीला बाकं रिकामी, असं चित्र पुढची दहा वर्षं राहिलं. धर्माच्या नावानं ओरडायला घसा आपोआप मोकळा होतो, प्रांताच्या नावानं ओरडायला शिकावं लागतं. १९४० च्या डिसेंबरात गांधीजींनी धर्मावर बेतलेल्या या सामन्यांना उघड विरोध केला, तरी ते चालूच राहिले. बंद पडले ते १९४६ साली, देशातलं वातावरण पेटल्यावर.

पंचरंगीचा मोठेपणाही नाकारता येत नाही. सांगलीचा विजय हजारे ख्रिस्ती. १९३७ पर्यंत या स्पर्धेत त्याला उतरायला संघच नव्हता. 'इतर' आले तेव्हा जागा मिळाली. १९४३-४४ च्या मोसमात हिंदूंविरुद्ध अंतिम सामन्यात 'इतर'च्या ३८७ धावांपैकी ३०९ एकट्या हजारेच्या! सामना हिंदूंनी डावानं जिंकला, लक्षात राहिला हजारे. पण विचार करा, असा फलंदाज, आणि त्याच्या संघाचं नाव काय, तर 'इतर'. महाराष्ट्राकडून आणि नंतर बडोद्याकडून रणजीत खेळताना तो कुणाचा 'इतर' नव्हता.

आता पुन्हा चेपॉककडे येऊ. १९४०-४१ चा मोसम. महाराष्ट्राचे कर्णधार होते तेच देवधर. पुण्याचे प्राध्यापक, वय पन्नाशीला टेकलेलं. त्या मोसमात मुंबईविरुद्ध पुण्यात त्यांनी २४६ धावा काढल्या, महाराष्ट्र ६७५, मुंबई ६५०. अंतिम सामना झाला मद्रासमध्ये, मद्रासविरुद्ध, आणि महाराष्ट्र ६ गड्यांनी जिंकून सलग दुसऱ्यांदा विजेता ठरला. तंजावूर तेव्हा मद्रास इलाख्यात होतं. इथल्या एखाद्या मराठी घरात तो निकाल कळला असेल, तेव्हा आनंद व्हावा की वाईट वाटावं? माझ्या मते तंजावूरच्या मराठी पोरानं मद्राससाठी हळहळावं, हेच बरोबर. राम सिंगसारखाच तो मद्रासचा. त्याची मराठी त्यामुळे एक शब्दानंही उणी होत नाही, जशी राम सिंगची पगडी उणी झाली नाही.

फौजेत आपण हेच वेगळ्या वाटेनं शिकतो. खडकवासल्याला दाखल झाल्यावर कॅडेटला स्क्वाड्रन मिळतं. त्यात त्याला कुणी विचारत नाही, गाव कुठलं, देव कुठला. जे मिळालं ते आपलं. महिन्याभरात त्याच स्क्वाड्रनच्या क्रॉस-कंट्रीसाठी पोरं छाती फुटेस्तोवर धावतात आणि हरली तर रात्री जेवत नाहीत. वाटून दिलेलं नातं इतक्या लवकर रक्ताचं होतं, हे ज्यानं अनुभवलंय त्याला रणजीचं गणित समजावून सांगावं लागत नाही.

स्वातंत्र्यानंतर रणजीत सेनादलाचा संघ उतरला, १९४९-५० पासून. हा संघ तर प्रांताचाही नाही. पंजाबचा, केरळचा, कोल्हापूरचा, जो गणवेशात आहे तो. पुण्यात जन्मलेले लेफ्टनंट कर्नल हेमू अधिकारी याच संघातून खेळले आणि १९५८-५९ च्या मोसमात वेस्ट इंडीजविरुद्ध दिल्लीच्या कसोटीत भारताचे कर्णधार झाले. त्यांच्या काळात सेनादलानं १९५६-५७ आणि १९५७-५८ असे सलग दोन अंतिम सामने गाठले. एकदा मुंबईकडून हार, एकदा बडोद्याकडून. करंडक हाती आला नाही. पण १९३४ च्या 'आर्मी' संघापासून इथवरचा प्रवास पाहिला, तर पोरांनी देशाच्या फौजेला आपला संघ केला होता.

आज मुंबईच्या नावावर रणजीची ४२ विजेतेपदं आहेत. शेवटचं २०२४ च्या मार्चमधलं, विदर्भाला हरवून. एकाच राज्यातले दोन संघ, दोन्हीकडे मराठी पोरं, आणि चुरस तरीही जिवाची. भाषा एक असून संघ दोन, आणि १९३४ च्या मद्रासमध्ये भाषा तीन असून संघ एक. तंजावूरच्या भिंतीवर जो इतिहास कोरला आहे तो मराठीत आहे, पण ती भिंत चोळांची आणि दगड इथला आहे. इथे आलात तर तो लेख जरूर वाचा. आणि इथल्या मराठी माणसाला मूळ गाव विचारण्याआधी, त्याचा संघ कुठला ते विचारा.