गुलामगिरीचा इतिहास : जॉर्जटाउनची विक्रीयादी

गुलामगिरी शिकवताना मूळ कागदपत्रे फार उपयोगी पडतात. अमेरिकेतील मेरीलँडच्या जेझुइट धर्मगुरूंनी १८३८ मध्ये आपल्या मळ्यांवरील २७२ गुलाम लुइझियानातील मळेमालकांना विकले. त्या पैशाचा काही भाग जॉर्जटाउन विद्यापीठाचे कर्ज फेडण्यास वापरला गेला. विक्रीच्या कागदांत गुलामांची नावे व वये आहेत. त्यांत लहान मुलेही आहेत. या नोंदींच्या आधारे वंशजांचा शोध घेता आला.

विक्री घडवून आणणाऱ्या धर्मगुरूचे नाव एका इमारतीला होते. २०१७ मध्ये तिला यादीतील पहिल्या व्यक्तीचे, आयझॅक हॉकिन्स यांचे नाव मिळाले. २०१९ मध्ये विद्यार्थ्यांनी वंशजांसाठी प्रत्येक सत्राला २७.२० डॉलर शुल्क देण्याच्या बाजूने कौल दिला. २७२ माणसांची आठवण त्या रकमेतच आहे.