छायाचित्रातील समाजटीका

कोल्हापूरकडील बिद्रीच्या आसमंतात उसाचे चिपाड सहसा वाया जात नाही. गुऱ्हाळावर ते वाळवून चुलवाणात घालतात. साखर कारखान्यात त्याच चोथ्यावर वाफ तयार होते. शहरांनी आपल्या उपभोगाच्या चोथ्याची अशी व्यवस्था लावलेली नाही. उष्टे, फुटके, जुने झालेले दाराबाहेर ठेवले की घरापुरते ते नाहीसे होते, आणि ते उचलणारे हात कोणाच्या दृष्टीस पडत नाहीत. हे हात दाखविण्याचे काम छायाचित्रकलेने पत्करले.

या कलेने मालाच्या जाहिराती सजविल्या हे खरे. पण त्या मोहावर तिने बोटही ठेवले. 1937 च्या आरंभी अमेरिकेत ओहायो नदीला महापूर आला. लुईव्हिल शहरी मार्गारेट बर्क-व्हाइट या विदुषीने मदतीसाठी रांगेत तिष्ठणारे कृष्णवर्णी स्त्रीपुरुष टिपले. त्यांच्या हाती बादल्या नि टोपल्या. मागे भला थोरला जाहिरातफलक. फलकावर मोटारीतून निघालेले हसरे गोरे कुटुंब, सोबत कुत्राही, आणि जगातील सर्वांत उंच राहणीमान आपलेच, अशी ग्वाही! रांग पुरामुळे लागली होती, दारिद्र्यामुळे नव्हे, असा आक्षेप कोणी घेईल, व तो अगदीच निराधार नाही. तथापि फलकाचे शब्द खोटे पाडावयास चित्रकर्त्रीला स्वतःचा एक शब्दही लिहावा लागला नाही. गंमत ही की, या बाईंचा लौकिक प्रथम झाला तो पोलादाच्या कारखान्यांची देखणी छायाचित्रे काढूनच.

महाराष्ट्रात असे काम पाहावयाचे तर सुधारक ओलवे यांच्याकडे वळावे लागते. अकोल्यात जन्मलेले ओलवे 1988 पासून वृत्तपत्रसृष्टीत छायाचित्रकार म्हणून वावरले. मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांची त्यांनी कृष्णधवल चित्रमाला तयार केली. हे कामगार बहुतांशी दलित समाजातील. गटारात उतरलेला माणूस, कचऱ्याच्या राशीत राबणारी उघडी पावले, हातमोज्यांवाचून घाण उपसणारे हात! शहर काय विकत घेते हे दुकानांच्या काचांतून दिसते. ते काय टाकते, आणि कोणाच्या माथी टाकते, हे या चित्रांतून कळते. ओलवे यांनी कामगाराला त्या घाणीतच सोडून दिले नाही, हा त्यांचा विशेष. त्यांचा कॅमेरा त्याच्या घरात, बायकामुलांतही गेला. केवळ किळस उपजविणारे चित्र काढणे त्या मानाने सोपे होते. पाहणारा नाक दाबून पुढे गेला असता.

2005 साली नॅशनल जिऑग्राफिक संस्थेच्या उपक्रमात ओलवे यांचा गौरव झाला. परदेशांतही ही चित्रे मांडली गेली. हाताने मैला उचलण्याच्या कामावर बंदी घालणारा नवा कायदा 2013 मध्ये संमत झाला आणि 2016 मध्ये ओलवे यांना पद्मश्री मिळाली. गटारात गुदमरून माणसे दगावल्याच्या वार्ता त्यानंतरही वर्तमानपत्रांत छापून येत राहिल्या.