रक्तांतील दाहाची खूण

मनुष्याचें रक्त कांचेच्या उभ्या पात्रांत काढून स्थिर ठेविलें, तर थोड्या वेळानें तें गोठतें व त्यांत थर दिसूं लागतात. तळाशीं काळसर गोळा, त्यावर तांबडा भाग, त्याहून वर कधीं पांढुरका पापुद्रा, आणि माथ्यावर पिंवळसर पाणी. ग्रीक वैद्यांनीं शरीरांत जे चार रस मानिले, त्यांचा उगम ह्याच दृश्यांत असावा, असा तर्क स्वीडनचा वैद्य रॉबिन फोरेउस यानें १९२१ सालीं केला. तर्क सिद्ध करणें कठीण, परंतु मनोवेधक खरा. त्या रसांपैकीं काळें पित्त वाढलें म्हणजे मनुष्य खिन्न होतो, अशी ग्रीकांची समजूत होती. ‘मेलॅंकोलिया’ ह्या शब्दाचा मूळ अर्थच काळें पित्त. मनाचें दुखणें रक्तांत शोधण्याचा खटाटोप म्हणजे आजकालचें खूळ नव्हे.

पांढरा पापुद्रा ज्वराच्या व सुजेच्या रोग्यांत जाड येतो, हें शीर तोडून रक्त काढणाऱ्या जुन्या डॉक्टरांस ठाऊक होतें. कारण असें, कीं शरीरांत दाह सुरू झाला म्हणजे रक्तांतील फायब्रिनोजेन नांवाचें प्रथिन वाढतें. त्यामुळें तांबडे रक्तकण रुपयांच्या चवडीसारखे एकमेकांस चिकटतात आणि जड होऊन झपाट्यानें खालीं बसतात. वॉर्सा येथील एडमंड बिएर्नाकी यानें ही गति १८९७ सालींच मोजून दाखविली होती. परंतु यशाचें माप पुढें स्वीडिश मंडळींच्याच पदरांत पडलें. फोरेउसला ती १९१८ सालीं गरोदर स्त्रियांच्या रक्तांत वाढलेली आढळली, आणि आल्फ वेस्टरग्रेन यानें क्षयरोग्यांकरितां उभ्या नळीची पद्धति बसविली. एका तासांत कण किती मिलिमीटर उतरले, तेवढें पाहावयाचें. ‘ई. एस. आर.’ म्हणतात तें हेंच.

दुसरी खूण १९३० सालीं न्यूयॉर्क येथील रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्यें सांपडली. टिलेट व फ्रान्सिस हे न्यूमोनियाच्या जंतूंतून काढलेला ‘सी’ नांवाचा अंश रोग्यांच्या रक्तजलांत मिसळून पाहत होते. रोग जोरांत असतां तळाशीं साका बसे. रोगी बरा होतांच तो बसेनासा होई. पुढें कळलें, कीं हें प्रथिन कोण्या एका जंतूसाठीं नसून, दाहाची वर्दी पोंचतांच यकृत तें तयार करितें. म्हणून ‘सी. आर. पी.’ची पातळी कांहीं तासांतच चढते, ई. एस. आर.चा आंकडा मात्र सावकाश हलतो.

जंतु नसतांहि ह्या खुणा चढतात, हें आमवातांत दिसतें. त्या रोगांत शरीराची संरक्षक शक्ति स्वतःच्याच सांध्यांवर उलटते. सप्टेंबर १९४८ मध्यें मेयो क्लिनिकच्या फिलिप हेंच यानें एका जखडलेल्या तरुणीस कॉर्टिसोन टोंचलें, आणि थोड्याच दिवसांत ती चालूं लागली. अशा रोग्यांचा ई. एस. आर. उतरला, त्याबरोबर कित्येकांचें मनहि अवाजवी उल्हसित झालें. दाह व मन यांचें कांहीं नातें असावें, ही शंका येण्यास एवढें पुरेसें होतें.

१९९१ सालीं रोनाल्ड स्मिथ यानें ती शंका उपपत्तीच्या रूपानें मांडली. तिची खरी कसोटी अटलांटा येथील एमरी विद्यापीठांत लागली. नेहमींच्या औषधांस दाद न देणाऱ्या ६० विषण्ण रोग्यांपैकीं निम्म्यांस आमवातावरील इन्फ्लिक्सिमॅब, तर निम्म्यांस नुसतें पाणी देण्यांत आलें. २०१३ सालीं निकाल प्रसिद्ध झाला. एकंदरींत औषध व पाणी सारखेंच ठरलें! परंतु ज्यांची सी. आर. पी. आरंभीं लिटरमागें ५ मिलिग्रॅमहून अधिक होती, त्यांस औषधाचा गुण अधिक दिसला. जिची कमी, त्यांस पाण्यानेंच बरें वाटलें. लठ्ठपणानें, तंबाखूनें किंवा हिरड्या सुजल्यानेंहि ही पातळी चढते. तेव्हां तिच्यावरून मनाचा रोग ओळखूं पाहणें धाडसाचें आहे.

उलट प्रकारहि घडतो. २००७ सालीं फिलाडेल्फिया येथें जोसेप डाल्माउ व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १२ स्त्रियांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांची वागणूक बदलली होती, स्मृति गेली होती, कित्येकींस वेडाचीच बाधा समजण्यांत आलें होतें. बहुतेकींच्या अंडाशयांत गांठ होती, आणि मेंदूवरच उलटलेलीं प्रतिद्रव्यें त्यांच्या रक्तांत व पाठीच्या कण्यांतील पाण्यांत सांपडलीं. ह्या रोगांत सी. आर. पी. पुष्कळदां मुळींच चढत नाहीं. गांठ काढून व संरक्षक शक्तीस आवर घालणारीं औषधें देऊन त्यांतील कित्येक स्त्रिया शुद्धीवर आल्या व आपल्या घरीं परतल्या.