भोक पाडण्याआधीचं काम

मंडळी, रावेरसारख्या केळीच्या गावात आज आपण लोखंडाला पाडायच्या भोकाबद्दल बोलणार आहोत. हसू येईल, पण आपल्या विहिरीवरच्या पंपापासून ट्रॅक्टरपर्यंत भोकाशिवाय जोडलेलं काय आहे? भोक पाडण्याआधी जॉबची तयारी कशी करायची, या प्रश्नाला स्वतःचा इतिहास आहे.

अहमदनगरला 1549 मध्ये मलिक-ए-मैदान ओतली गेली. पुढे ती विजापूरला गेली. त्या काळी तोफेची पोकळी पाडत नसत, ती गाभ्याभोवती धातू ओतून धरत. म्हणजे सगळी तयारी साच्यातच. गाभा सरकला की तोफ वाया.

पुढे भरीव धातू कोरण्याची पद्धत युरोपात रुजली. अमेरिकेत 1863 मध्ये स्टीफन मोर्स यांना पिळाच्या ड्रिलचं पेटंट मिळालं. या ड्रिलचं टोक गुळगुळीत पृष्ठभागावर घसरतं, म्हणून आधी पंच मारून खूण करायची, मोठं भोक असेल तर आधी बारीक भोक पाडायचं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 मध्ये किर्लोस्करवाडी वसवली, तेव्हाच्या कारागिरांच्या हातात हीच शिस्त होती. आपल्याकडच्या कारखान्यांत ती बापाकडून मुलाकडे आली.

मग जर्मनीतल्या क्रुप कंपनीनं 1920 च्या दशकात टंगस्टन कार्बाइडची हत्यारं आणली. त्यांचं नाव 'विडिया', अर्थ 'हिऱ्यासारखं'. आपले मिस्त्री आजही कार्बाइडला विडियाच म्हणतात. त्यातूनच पुढे बदलत्या इन्सर्टचं ड्रिल आलं. त्यात साधारणपणे एक इन्सर्ट मध्यभागी आणि एक कडेला असतो, आणि दोघांवरचा दाब एकमेकांना तोलून धरतो.

आता गंमत बघा. जुन्या शिस्तीनं इथे आधी बारीक भोक पाडलं, तर मधल्या इन्सर्टला कापायला काही उरत नाही. तोल जातो, ड्रिल कडेला ढकललं जातं, भोक वाकडं येतं किंवा इन्सर्ट तुटतो. म्हणजे बापानं शिकवलेली काळजीच इथे चूक ठरते!

मग तयारी संपली का? नाही, तिची जागा बदलली. आता पृष्ठभाग सपाट हवा. तो तिरका असेल तर एकच इन्सर्ट आधी चावा घेतो. म्हणून तो आधी मिलिंग करून सरळ करायचा, नाहीतर सुरुवातीला फीड कमी ठेवायचा. बिडाच्या कास्टिंगवरची वाळूमिश्रित कडक साल साफ करायची. पत्रे एकावर एक ठेवले असतील तर मध्ये फट राहू द्यायची नाही. जॉब घट्ट पकडायचा. आणि लेथवर जॉब फिरत असताना आरपार भोक पडलं, की शेवटी एक चकती सुटते आणि वेगानं बाहेर फेकली जाते. तिथे आडोसा नसेल तर माणूस जखमी होतो, प्रसंगी जिवावरही बेततं.

आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. नियम पाळणं आणि नियमाचं कारण जाणणं यांतला फरक फळ्यावर समजावत राहिलो. मशिनवरच्या पोराला 'पंच मार' एवढंच सांगितलं, तर हत्यार बदलताच त्याचं ज्ञान निरुपयोगी होतं. 'टोक घसरू नये म्हणून पंच' असं सांगितलं, तर तो नव्या ड्रिलपुढे थांबेल आणि विचारेल: हे टोक घसरतं का?

तेवढं विचारायला त्याला शिकवा, आणि विचारल्यावर रागावू नका.