वळचणीची झालर

कौलारू घराच्या छपराला सर्वांत जास्त मार कुठे बसतो असं विचारलं, तर बहुतेक जण आढ्याकडे बोट दाखवतात. आढं उंच, वारा तिथे अंगावर येतो, म्हणून तसं वाटतं. पण घर कुजायला लागतं ते खालच्या कडेपासून. साऱ्या पाखाचं पाणी शेवटी वळचणीला येतं आणि वाशांची टोकंही तिथेच संपतात. लाकूड अंगाने जेवढं पाणी पितं, त्याच्या कितीतरी पट टोकाकडून पितं. झाड जिवंत असताना ज्या बारीक नळ्यांतून पाणी वर चढायचं, त्यांची तोंडं कापलेल्या टोकाला उघडी राहतात. ती तोंडं झाकण्यासाठी वाशांच्या टोकांवर जी आडवी फळी ठोकतात, तिला आम्ही दापोलीकडचे सुतार झालर म्हणतो, मग तिच्यावर नक्षी असो की नसो. माझ्या आजोबांनी, बाबांनी आणि मी आयुष्याचा मोठा भाग ही फळी करण्यात आणि बदलण्यात घालवला आहे.

कोकणात ही फळी फार जुनी नाही. गरिबाचं घर गवताने किंवा पेंढ्याने शाकारलेलं असे. जरा बरं असेल त्याच्या घरावर कुंभारी नळे असत. चाकावर निमुळता नळ काढायचा, ओला असतानाच उभा चिरून दोन तुकडे करायचे आणि भट्टीत भाजायचे. एक उताणा, त्यावर एक पालथा. हे नळे नुसते एकमेकांच्या आधाराने बसलेले असत. वानरं आली की सरकत, म्हणून दर वैशाखात घर शाकारावंच लागे. खाली बांबू आणि रानातून आणलेले गोल वासे, जसे मिळतील तसे, कुठे वाकडे तर कुठे गाठाळ. अशा वाशांची टोकं एका रेषेत येत नाहीत. सरळ फळी ठोकणार तरी कशावर? कुजलेलं टोक दिसलं की वासाच बदलायचा. रान हाताशी होतं, लाकडाला पैसे पडत नव्हते.

हे सगळं बदललं ते दूर दक्षिणेत निघालेल्या एका कारखान्यामुळे. 1865 साली मंगलोरजवळ जेप्पू इथे, नेत्रावतीच्या काठी, बासेल मिशनच्या गेओर्ग प्लेब्स्ट यांनी कौलांचा कारखाना काढला. धर्म बदलल्यामुळे ज्यांचं गाव आणि धंदा सुटला, त्यांच्या हाताला काम द्यावं हा मिशनचा हेतू होता. कौलाची घडण युरोपातली. फ्रान्सच्या अल्सास भागात जिलार्दोनी बंधूंनी 1841 मध्ये एकमेकांत अडकणाऱ्या कौलाचं पेटंट घेतलं होतं, मंगलोरी कौल त्याच कुळातलं. पुढे कालिकत आणि फेरोकलाही मिशनचे कारखाने झाले आणि गलबतांतून ही लाल कौलं पश्चिम किनाऱ्याच्या बंदरांवर उतरू लागली. सागरी किनारा नसता तर कोकणी घराचा चेहरा इतका लवकर बदलला नसता, असं मला वाटतं. सव्वादोन-अडीच किलोचं कौल, एका ब्रासला दीडशेच्या आसपास. एवढं ओझं बैलगाडीने घाट उतरवून आणणं कुणाला परवडलं असतं?

या कौलाने सुताराला शिस्त लावली. त्याच्या पाठीमागे नाक असतं, ते रिपेत अडकतं. त्यामुळे दोन रिपांमधलं अंतर साधारण साडेबारा इंच, आणि आढ्यापासून वळचणीपर्यंत तेवढंच हवं. रीप सपाट बसायची तर वासा कापीव आणि सरळ लागतो. वासे कापीव झाले की दोरी धरून टोकं एका ओळीत छाटता येतात. पहिल्यांदाच छपराला एक सरळ कड मिळाली, आणि त्या कडेवर फळी आली.

फळीचं आणखी एक काम आहे. ते खालून बघणाऱ्याच्या लक्षात येत नाही. प्रत्येक कौल आपल्या खालच्या कौलावर टेकतं, म्हणून त्याचा उतार बरोबर राहतो. वळचणीच्या पहिल्या ओळीला मात्र खाली टेकायला कौल नसतं. ती तशीच रिपेवर ठेवली तर पुढून पडते, वरच्या ओळीशी तिचा सांधा उघडा राहतो आणि वारा त्या फटीत शिरतो. म्हणून झालरीची वरची कड रिपेपेक्षा कौलाच्या जाडीएवढी उंच ठेवायची, म्हणजे पहिली ओळ तिच्यावर टेकते. हल्ली एखाद्या घराची पहिली ओळ नाक खाली करून बसलेली दिसली, की नवी फळी लावताना हे माप कुणीतरी सोडलं हे मला रस्त्यावरूनच कळतं.

आता नक्षीकडे येतो. आपल्याकडचे सुतार लाकूड कोरण्यात कधीच मागे नव्हते. पुण्याचा विश्रामबागवाडा 1807 चा, त्याचं लाकूडकाम पाहावं. पण आमच्या गावातल्या जुन्या घरांत कोरीव काम खांबांवर आणि दाराच्या चौकटीवर असे. छपराच्या कडेला कातरकाम करायची हौस साहेबाबरोबर आली. इंग्लंडात एकोणिसाव्या शतकात घरांच्या उतरत्या छपरांना कातरलेल्या फळ्या लावायची मोठी फॅशन होती. महाबळेश्वर वसलं 1828-29 च्या सुमाराला, माथेरान मॅलेट साहेबाने 1850 मध्ये शोधलं, आणि या डोंगरांवरच्या बंगल्यांना तशाच फळ्या लागल्या. मुंबईत गिरगावची खोताची वाडी पाहा. दादोबा वामन खोत यांच्या जमिनीवर ईस्ट इंडियन कुटुंबांनी बांधलेल्या तिथल्या घरांच्या गॅलऱ्यांवर आणि छपरांच्या कडांवर अजूनही कातरकाम दिसतं. अनेक घरं पाडली गेली, उरलेल्यांत ते आहे.

आमच्या घरात ही नक्षी आली ती आजोबांच्या हातून. ते माटुंग्याच्या रेल्वे वर्कशॉपात डब्यांच्या लाकूडकामावर होते. तेव्हा डब्यांचे सांगाडे लाकडी असत आणि तिथे कोकणातले सुतार पुष्कळ. स्टेशनांच्या छपरांना कडेने उभ्या पट्ट्या लावलेल्या असत, खाली भाल्याच्या पात्यासारखी टोकं काढलेल्या. सुटीच्या दिवशी आजोबा कागद-पेन्सिल घेऊन या टोकांची मापं उतरवून घेत, आणि नोकरी सुटल्यावर गावी आले तेव्हा ती गुंडाळी त्यांच्या ट्रंकेत होती. कागद पावसाळ्यात टिकेना, म्हणून त्यांनी घासलेटच्या डब्याचा पत्रा कापून त्याचे फर्मे केले. पिंपळपान, कुयरी, कमळाची पाकळी, साधं भालाटोक. फर्मा फळीवर ठेवायचा, शिशाने रेघ ओढायची, गिरमिटाने भोक पाडून बारीक करवतीचं पातं आत घालायचं आणि वळणं कापायची. कडा पटाशीने साफ करायच्या. मुंबईला असलेल्या मुलाचा पगार गावी आला की मंगलोरी कौलं आणि पुढच्या पाखाला नक्षीची झालर, असं अनेक घरांत झालं. मागच्या पाखाला साधी फळी, तिकडे कोण बघतं?

मला स्वतःला त्या टोकांमागची अक्कल फार आवडते. फळीची खालची कड सरळ असेल तर थेंब तिच्यावर लोंबकळत राहतो, वाऱ्याने कडेकडेने सरकतो आणि सांध्यात शिरतो. कड टोकदार कापली की पाणी टोकाशी गोळा होतं आणि तिथूनच पडतं. पागोळ्यांचा एकेक ठिपका अंगणात दर साली त्याच जागी पडलेला दिसतो, तो त्यामुळे. साध्या फळीला हेच काम करायला बाबा खालच्या कडेला, मागच्या बाजूने, रंध्याने एक बारीक खाच काढत. पाणी त्या खाचेशी तुटतं, मागे वाशाकडे जात नाही.

लाकूड पहिल्यापासून सागाचं, जमेल तिथे ब्रह्मदेशातल्या मोलमीनच्या सागाचं. नाहीतर फणस किंवा किंजळ. पण कुठल्याही लाकडाचा गाभाच टिकतो, बाहेरचा पांढरट भाग बुरशी आणि वाळवी आधी खाते. 1964 च्या कायद्यानंतर महाराष्ट्रात साग, ऐन, किंजळ, फणस ही झाडं स्वतःच्या जमिनीतलीही परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. कायदा योग्यच आहे, डोंगर बोडके झाले होते. पण लाकूड महाग झालं, आणि आज वखारीत मिळणारा बाहेरदेशीचा लागवडीचा साग लवकर वाढवलेला असतो, त्यात पांढरा भाग जास्त. घेताना फळी उन्हात धरून रंग बघावा, दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नये.

दुरुस्तीचं सांगतो, कारण हा धंदा खरा तिथेच आहे. नवी झालर लावणं सोपं. बाबांची पद्धत अशी होती. आधी खालून आरीने टोचत जायचं. चांगल्या लाकडात आरी अडते, कुजक्यात लोण्यात शिरावी तशी जाते. रंगावर विश्वास ठेवायचा नाही. वरून तकतकीत आणि आतून पोकळ अशी फळी मी कितीदा काढली आहे. मग पहिल्या दोन ओळींची कौलं उतरवायची, नाहीतर फळी ओढताना ती फुटतात. फळी निघाली की प्रत्येक वाशाचं टोक तपासायचं. चार-सहा इंच कुजलं असेल तर तेवढं छाटून शेजारी जोडवासा लावायचा. जोड निदान हात-दीड हात मागे जायला हवा आणि बोल्टने आवळायला हवा. नुसत्या खिळ्यांवर तो झुकतो.

नवी फळी लावायच्या आधी तिला सहाही अंगांनी तेल पाजायचं. बाबा उकळलेलं अळशीचं तेल वापरत. मागच्या बाजूला, जी पुन्हा कधी दिसणार नाही, काजूच्या टरफलांचं काळं तेल. ते हाताला लागलं तर कातडी जळते, पण वाळवी त्याच्या वाटेला जात नाही. कापलेल्या टोकांना दोनदा तेल. दोन फळ्यांचा सांधा नेहमी वाशावरच आणि तिरका, म्हणजे लाकूड आटलं तरी आरपार फट पडत नाही. समुद्राजवळ लोखंडी खिळा गंजतो आणि सागाला काळे डाग पाडतो, म्हणून पितळेचे स्क्रू. बाबा म्हणत, “झालर मरायलाच लावायची असते, तिच्या मागचा वासा जगला पाहिजे.” त्यांच्या हिशेबात एका पिढीला एक झालर हा ठरलेला खर्च होता, आणि जुनी माणसं तो न कुरकुरता करत. शिमगा झाला की बाबांना निरोप यायचा, “गोविंदा, औंदा पुढचं पाख बघून जा.”

हा हिशेब मोडला तेव्हापासून घरं पडायला लागली. घर बंद, मालक पुण्या-मुंबईला, फळी कुजलेली दिसते. मग कुणीतरी सुचवतं की वरून पत्रा किंवा पीव्हीसीची पट्टी मारून टाका, पुन्हा बघायला नको. लाकडात ओल वीस टक्क्यांच्या वर राहिली की बुरशीला फावतं. उघड्या फळीला निदान दिवाळीनंतरचं ऊन लागतं, ती सुकते. पट्टीच्या आत ओल कोंडते आणि बाहेरून काही दिसत नाही. वासे तुळईपर्यंत कुजतात तेव्हा कुठे कळतं. एका काकूंचं घर मी असंच उघडलं होतं. त्या अंगणात उभ्या राहून विचारत होत्या, “अरे, एवढी छान पट्टी लावली होती ना?” मी वाशाचा भुसा त्यांच्या हातावर ठेवला. दुसरं काय सांगणार?

3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं. ते अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं, पण आमच्या हर्णै-आंजर्ले-केळशीच्या पट्ट्यानेही त्याचा तडाखा खाल्ला. नारळ जिथे घरावर पडला तिथे झालर काय करणार. पण ज्या घरांवर झाड पडलं नव्हतं, त्यांत मला एक फरक दिसला. वारा भिंतीवर आपटून वर चढतो आणि वळचणीखाली शिरून कौलं उचलतो. फळी धड असेल तिथे पहिली ओळ बहुधा जागेवर होती, कौलं वरून, आढ्याजवळून गेली होती. फळी कुजलेली किंवा काढून टाकलेली होती तिथे पाख खालून वर उघडत गेलं होतं. मी मोजून काढलेला हा आकडा नाही, पण दारोदार फिरून जे पाहिलं ते असं होतं. पुढच्याच वर्षी, मे महिन्यात, तौक्ते आलं.

त्यानंतर कौलं मिळेनात. पावसाळा डोक्यावर, माणसं ताडपत्रीखाली, म्हणून लोकांनी पत्रे घातले. त्यांना मी कधी दोष दिला नाही. पण लोखंडी चौकटीवरच्या पत्र्याला वासे नाहीत, त्यामुळे झालरही नाही, आणि गावातला सुतार हळूहळू वेल्डरच्या हाताखाली गेला.

तरी काम येतं. पर्यटकांसाठी जुनी घरं नीट करून घेणारे काही तरुण आहेत, त्यांना नक्षी हवी असते. आधी मी त्यांना वर चढवून वाशांची टोकं दाखवतो आणि मगच फर्मे काढतो. आजोबांचे पत्र्याचे फर्मे गंजून कडेने झिजले होते, म्हणून भाच्याने ते स्कॅन करून घेतले आणि आता रत्नागिरीत यंत्रावर पिंपळपानाची फळी कापून मिळते. वळणं स्वच्छ येतात, हाताने इतक्या वेळात जमणार नाही. फक्त यंत्रवाल्याला पहिल्यांदा सांगावं लागलं की टोक बोथट ठेवू नकोस, पाणी तुटलं पाहिजे. आता तो स्वतःच विचारतो की फळी समुद्राकडच्या पाखाची आहे का, आणि तसं असेल तर टोकाला थोडं लाकूड जास्त सोडतो.