आल्टरनेटर इशारादिवा (हौशी बांधणीच्या विमानातील)

बॅटरी चार्ज होत नसल्याचे वैमानिकाला दाखवणारा पॅनेलवरील तांबडा दिवा. घरी विमान बांधणारे आपल्याकडे विरळाच. त्यांपैकी एक असलेल्या अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवलीला इमारतीच्या गच्चीवर बांधलेले सहा आसनी विमान २०१६ मध्ये मेक इन इंडिया प्रदर्शनात मांडले गेले आणि २०१७ मध्ये त्याची नोंदणी झाली. परदेशी हौशी विमानांत पुष्कळदा मोटारीचाच, आत रेग्युलेटर असलेला आल्टरनेटर बसवतात. दिव्याची एक वायर स्विचमागच्या पुरवठ्याला, दुसरी आल्टरनेटरच्या ‘एल’ किंवा ‘डी-प्लस’ टोकाला जाते. इंजिन बंद असताना स्विच टाकला की दिवा लागतो. अनेक प्रकारांत दिव्यातून जाणाऱ्या याच प्रवाहाने आल्टरनेटरचे फील्ड (चुंबकीय वेटोळे) जागे होते, त्यामुळे बल्बऐवजी नुसता एलईडी चालत नाही, सोबत समांतर रेझिस्टर लागतो. चार्जिंग सुरू होताच दोन्ही बाजूंना सारखाच व्होल्टेज येऊन दिवा विझतो. सुरुवातीला तो लागलाच नाही, तर आधी बल्ब तपासावा. हवेत मात्र एकट्या या दिव्यावर विसंबू नये: आल्टरनेटर अर्धवट चालत असला तरी तो विझलेला राहू शकतो. १४ व्होल्टच्या विमानात बसवरचा (उपकरणांना वीज वाटणाऱ्या मुख्य पट्टीवरचा) व्होल्टेज १३ च्या खाली घसरताच लुकलुकणारा स्वतंत्र दिवा जास्त भरवशाचा.